फळ्यांमधला पारा

आमच्या पुकेतारा गावात दोन प्रकारची माणसं राहतात. ज्यांचे दात व्हॅल्डा पॅस्कोने भरले ती, आणि नंतर आलेली. पहिल्या प्रकारातली थोरली माणसं आता पन्नाशी-साठीला टेकली आहेत. त्यांच्यात मेंढ्या कातरणारे आहेत, ट्रकवाले आहेत, एक धर्मगुरूही आहे. दुकानात व्हॅल समोर आली की ही सगळी माणसं नकळत तोंड मिटून घेतात. मीही घेतो. तीस वर्षं तिच्या शेजारी राहतो, तिच्या झाडाची लिंबं खातो, तरी घेतो.

ती शाळेची दातांची नर्स म्हणून इथे आली तेव्हा वीस वर्षांची होती आणि मी सात. शाळेच्या आवाराच्या टोकाला, पाइनच्या झाडांखाली, दातांची पांढरी लाकडी खोली होती. आम्ही तिला कत्तलखाना म्हणायचो. देशभरातली पोरं आपापल्या शाळेतल्या खोलीला हेच म्हणतात, हे नंतर कळलं. आधीचं पोर सुटलं की त्यानेच वर्गाच्या दारात येऊन पुढच्याचं नाव घ्यायचं, अशी पद्धत होती. दार उघडलं की सगळा वर्ग श्वास रोखायचा. सुजलेल्या ओठांचं एक पोर तिथे उभं असायचं आणि मोठ्या समाधानाने म्हणायचं, "लेनला बोलावलंय."

ड्रिल पायाने चालायचा, शिवणयंत्रासारखा. ती दमली की तो दातातल्या दातात मंदावायचा, आणि तेच सगळ्यात वाईट. कोरून झालं की चांदी भरायची. ती चांदी ती आमच्यासमोर तयार करायची. खलात चांदीची भुकटी आणि पारा घोटायची, लगदा फडक्यात घालून पिळायची. चिमटीतून जास्तीचा पारा टपटप वाडग्यात पडायचा. हात उघडे. नखं कापलेली, स्वच्छ, गुलाबी. "चांदी आहे, लेन," ती म्हणायची. "राणीच्या चमच्यांतली. आता तुझ्या तोंडात दरोडा पडायला हवा." माझ्या तोंडात सात आहेत. आजही जीभ त्यांच्यावरून फिरते तेव्हा मला ते हात दिसतात.

तिचं आयुष्य सांगण्यासारखं फार नाही, असं ती स्वतः म्हणायची. रेगशी लग्न केलं, रेग लवकर गेला. एक मुलगा, ग्रेम. पस्तीस वर्षं त्या एका खोलीत काम केलं. हात थोडे थरथरू लागले तेव्हा निवृत्त झाली. डॉक्टर म्हणाले, वय. ती म्हणाली, "छप्पन्नाव्या वर्षी वय?" आणि घरी येऊन लिंबाचं लोणचं घातलं.

मग पोरं कमी झाली आणि सरकारने शाळा बंद केली. वर्गखोल्या एकेक करून विकल्या. आमच्याकडे घर विकलं की ते उचलून ट्रकवर ठेवतात आणि नेतात. जमीन जिथल्या तिथे राहते, घर निघून जातं. दातांची खोली कुणालाच नको होती. व्हॅलने ती मागून घेतली.

जानेवारीत ती खोली ट्रकवरून आली तेव्हा रस्त्यावर निम्मं गाव जमलं होतं. खोली डुलत डुलत येत होती, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, जणू डोळे बांधून आणलंय.

"व्हॅल, कत्तलखाना घरी आणलास!" मरे ओरडला. तो पोस्टाची गाडी चालवतो. "आता कुणाला पकडणार?"

"तुला. तुझी वरची दाढ माझ्या लक्षात आहे, मरे. तेव्हाही पळाला होतास."

"मुतारीत लपलो होतो मी!"

"माहीत आहे. मीच बाहेर उभी होते."

लोक हसले. व्हॅलही हसली. मग परसात, लिंबाच्या पलीकडे, खोली दगडांवर टेकली, आणि व्हॅल तिच्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभी राहिली.

ती खोली ग्रेमच्या बायकोसाठी होती. ग्रेम पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खाणीत कामाला असतो. सहा आठवडे तिकडे, दोन आठवडे इकडे. बायको मेरिआना, काव्हियाच्या किनाऱ्यावरची, इथल्या मूळच्या माओरी लोकांतली. तोंडाने तिखट आणि मनाने सरळ. बाळ झालं, मुलगी, नाव काहू. व्हॅलच्या घरात दोनच खोल्या. दोन बायका आणि एक रडणारं मूल म्हणजे त्या घराच्या भिंतींना पान्हा फुटायची वेळ आली, असं मेरिआना म्हणायची. तिला स्वतःचं दार हवं होतं. व्हॅलला नात हाकेच्या अंतरावर हवी होती. खोलीने दोघींचं भागवलं.

फेब्रुवारीत ग्रेम घरी होता तेव्हा आम्ही दोघांनी जमिनीला चिकटवलेलं जुनं लिनोलियम उचकटलं. त्याखाली रीमूच्या लाकडाच्या लाल फळ्या निघाल्या. ग्रेम खूश झाला. त्याने यंत्र आणून त्या घासल्या, तेल लावलं, वर लोकरीचा गालिचा घातला. लिनोलियम निघालं त्या दिवशी व्हॅल दारात उभी होती. मध्येच ती वाकली, जमिनीवरून काहीतरी उचललं आणि खिशात टाकलं. मला वाटलं खिळा असेल. ती हसत होती.

एप्रिलमध्ये मेरिआना बाळाला घेऊन तिथे राहायला गेली. आमच्याकडे हिवाळा जून-जुलैचा, पण थंडी लवकर पडली त्या वर्षी. खिडक्यांच्या फटींत तिने कापड कोंबलं आणि तेलाचा हीटर रात्रंदिवस चालू ठेवला. खोली इतकी ऊबदार की आत गेलं की झोप यायची. व्हॅल अभिमानाने सांगायची, "पंचावन्न साली बांधलेली खोली आहे. एक थेंब ओल नाही."

जूनच्या शेवटी काहू बिघडली.

आधी झोप गेली. मग ती घामाने निथळू लागली, कडाक्याच्या थंडीत. उजेड सहन होईना. पडदा उघडला की तोंड गादीत खुपसायची. बसायला लागलेलं आठ महिन्यांचं मूल पुन्हा पडून राहू लागलं. मानेखाली हात घालून उचललं तर हातपाय लोंबायचे. आणि तळहात, तळपाय गुलाबी झाले. लाल नाही. गुलाबी, ओलसर, आणि बोटांच्या टोकांवरून साल सुटू लागली.

डॉक्टर आधी म्हणाला विषाणू. दुसऱ्यांदा म्हणाला इसब. तिसऱ्यांदा त्याने मेरिआनाला विचारलं, नवरा लांब असतो का? एकटेपणाचा ताण येतो का?

ती परत आली ती कुंपणापाशी माझ्यासमोर फुटली. "ताण म्हणे! अंकल, माझा ताण तिच्या तळहातांना येतो का? माझ्या ताणाची तिला साल निघते का?" मग एकदम थंड आवाजात म्हणाली, "मरतेय ती. कुणाला दिसत नाहीये."

व्हॅलला दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणाच्या तारा ताणत होतो तेव्हा ती माझ्याकडे आली. पायात घरातल्या सपाता, गवतावर दहिवर गोठलेलं.

"लेन, तिचे हात पाहिलेस?"

"पाहिले."

"आमच्या आर्चीचे असेच होते."

आर्ची तिचा धाकटा भाऊ. त्याचं नाव मी तिच्या तोंडून तोवर ऐकलं नव्हतं. युद्धाच्या काळात त्याला दात येत होते. तिची आई त्याच्या हिरड्यांना दुकानातली पांढरी पूड लावायची. सगळ्याच आया लावायच्या. मग त्याचे हात गुलाबी झाले. तो स्वतःचे केस उपटायचा. अंधाऱ्या खोलीत ठेवावं लागे. तेरा महिन्यांचा होऊन गेला. तेव्हा घरोघरी असं एखादं मूल असायचं, त्याला गुलाबी आजार म्हणत, आणि तो कशाने येतो हे कुणालाच माहीत नव्हतं.

"मग कळलं," व्हॅल म्हणाली. "पुडीत पारा असायचा. पूड बंद झाली, आजार गेला. आता डॉक्टरांनी बघितलाच नसेल कधी."

"मग तू पूड दिलीस का तिला? किंवा मेरिआनाने?"

"विचारलं मी. माझ्यावर ओरडली. असली पूड आता मिळतही नाही." ती बोटांवर मोजू लागली. "घरात पारा नाही, लेन. थर्मामीटरही बॅटरीचा आहे. कुठून येणार..."

वाक्य तिथेच राहिलं. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. परसातल्या खोलीच्या काचांवर आतून वाफ साचली होती आणि धुराड्यासारखी एक पांढरी लाट छतावरून उठत होती, ऊब बाहेर पडते तशी. मी माणसांना मेलेलं पाहिलंय. जिवंत माणसाचा चेहरा असा रिकामा झालेला पाहिला नव्हता.

मग ती धावली. एकोणसत्तर वर्षांची बाई, सपाता मागे सोडून, गोठलेल्या गवतावरून. दार ढकललं आणि काहूला गादीवरून उचलून बाहेर आणलं. मेरिआना मागोमाग.

"काय करतेस? बाहेर बर्फ आहे! वेड लागलं का तुला?"

"माझ्या घरात चल."

"तिला दे इकडे!"

"माझ्या घरात चल, मेरिआना. आत्ता. आतलं काही घेऊ नकोस. तिची दुलई नको, कपडे नको, काही नको. लेन, आत जाऊन हीटर बंद कर. नाही! थांब. तू जाऊ नकोस. बाहेरून खटका पाड."

तिने मूल मेरिआनाच्या हातात कोंबलं आणि त्या दोघींना अक्षरशः ढकलत घरात नेलं. बाहेर आली तेव्हा हातात भाजी चिरायची सुरी होती. तोंडाला ओला टॉवेल बांधून ती आत गेली. मी नको म्हणत होतो. दारातून मला दिसलं ते असं. तिने गालिचाचा कोपरा उलटला. फळ्यांमधल्या फटीत एक बारीक चमकती रेघ होती, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पुढच्या फटीत आणखी एक. तिने सुरीचं टोक घालून फळी जराशी उचलली, आणि खालून गोळ्या वर आल्या, मोहरीएवढ्या, वाटाण्याएवढ्या, एकमेकींना शोधत, एकमेकींत मिसळत. ट्रकच्या हिसक्यांनी आणि ग्रेमच्या यंत्राने जे काही इतकी वर्षं निपचित होतं ते जागं झालं होतं. तीन महिने हीटरने त्याला शिजवलं होतं.

घरातून तिने डॉक्टरला फोन केला. मी शेजारी उभा होतो.

"पारा तपासा," ती म्हणाली. "लघवीतला... नाही, मी नेटवर वाचलेलं नाही... कुठून म्हणजे? माझ्यातून. माझ्या कामातून. तुम्ही आज तपासणार आहात की मी तिला उचलून हॅमिल्टनला नेऊ?"

चार दिवसांनी आकडा आला. डॉक्टर स्वतः गाडी चालवत घरी आला, टोपी हातात धरून. त्याच दिवशी काहूला ऑकलंडला मुलांच्या हॉस्पिटलात नेलं. शरीरातला पारा बांधून बाहेर काढणारं औषध असतं, ते सुरू झालं. वाचेल, म्हणाले. चालणं, बोलणं, ऐकणं, यांचं काय ते ती मोठी होईल तेव्हा कळेल.

आरोग्य खात्याचा कॉलिन नावाचा तरुण माणूस यंत्र घेऊन आला. दारातच ते इतकं ओरडलं की त्याने बंद केलं. परसात पिवळी फीत बांधली. मग वही काढून त्याने विचारलं, "मिसेस पॅस्को, एवढा पारा खाली गेला कसा?"

"सांडला असेल," व्हॅल म्हणाली. "तेव्हा सांडायचा."

तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

पिवळी फीत दिसली आणि गावाची जीभ आपापल्या दाढांवर गेली. आठवडाभर तिच्या फाटकाशी कुणी ना कुणी उभं असायचं. आधी मरे.

"व्हॅल, माझ्या तोंडात अकरा आहेत. खरं सांग. मरतोय का मी?"

"तू दिवसाला चाळीस सिगारेटी ओढतोस, मरे."

"ते सोड. चांदीचं सांग."

"मला माहीत नाही."

हे तिचं वाक्य ऐकून मरे माझ्याकडे वळला, जणू मी काहीतरी दुरुस्त करणार होतो. व्हॅलला दाताचं काही माहीत नाही, हे त्याच्या मेंदूत शिरेना.

शेवटी कॉलिनने सभागृहात लोकांना जमवलं. तो सरळ बोलला. दातात घट्ट बसलेली चांदी वेगळी आणि कोंडलेल्या गरम खोलीत उडणारा पारा वेगळा. दातातूनही जरासा सुटतो, चावताना, पण फार थोडा, आणि त्याने माणसं आजारी पडल्याचं आजवरच्या पाहणीत दिसलेलं नाही. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना आता ती शक्यतो नव्याने भरत नाहीत. जी आहे ती उगाच उपटू नका, उपटताना जास्त वाफ सुटते.

"पाहणीत दिसलेलं नाही," मागच्या रांगेतली एनिड म्हणाली. तिच्या दातांवर व्हॅलने बारा वर्षं काम केलं होतं. "बाळा, व्हॅललाही कुणीतरी असंच सांगितलं असेल ना? तुझ्यासारख्याच एखाद्या पोराने? हातांनी पिळ, काही होत नाही म्हणून?"

कॉलिन लाल झाला. उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं. सभागृहात मागे कुणाची तरी खुर्ची कुरकुरली. "हो," तो म्हणाला. "सांगितलं असेल."

एनिडने हॅमिल्टनला जाऊन चांदीच्या सगळ्या नऊ दाढा काढून घेतल्या. महिनाभर जबडा बांधून हिंडली. बरं वाटतं का विचारलं तर म्हणायची, दुखतंय खूप, पण झोप लागते. तिला मी हसलो नाही. पूर्वी मला माझ्या तोंडाचा विचार करावा लागत नसे. आता सकाळी चहाचा पहिला घोट गरम लागला की मी थांबतो. गरम, बंद, ओली जागा. तिथे मी काय शिजवतोय, अठ्ठेचाळीस वर्षं? कॉलिनचं पटतं, आणि तरी थांबतो.

व्हॅल सभेला आली नव्हती. ती कुठेच जात नव्हती. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्या दारात आली, अंगात चर्चला जायचा कोट.

"मला ऑकलंडला ने."

"मेरिआनाने बोलावलंय?"

"नाही."

वाटेत तीन तास ती ताठ बसून होती. हात पर्सवर ठेवले होते. ते थरथरत होते आणि ती त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचे ते हात असावेत.

मेरिआना वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती. महिनाभरात गालाची हाडं वर आली होती. काहू तिच्या मांडीवर झोपली होती, दोन्ही हातांना पांढरे मोजे बांधलेले. व्हॅल बसली नाही. शाळेत पोर उभं राहतं तशी उभी राहिली.

"तो सांडला नव्हता," ती म्हणाली. "म्हणजे सांडायचा. पण मी ढकलला."

"काय?"

"पारा सुपलीत येत नाही. फुटतो, पळतो. तपासायला मोठ्या बाई यायच्या, त्या आधी जमिनीकडे बघायच्या. मग मी केरसुणीने सगळा फटीत ढकलायचे. रोज संध्याकाळी. चांदी घोटायचं मशीन येईपर्यंत. मग वर लिनोलियम घातलं. अठरा वर्षं. जिल्ह्यातली सगळ्यात स्वच्छ जमीन माझी, असं लिहून दिलं होतं त्यांनी मला."

मेरिआनाने काहूला जवळ ओढलं.

"आणि फेब्रुवारीत लिनोलियम काढलं तेव्हा एक मणी वर आला. मी उचलला. खिशात टाकला." तिने ओठ चाटले. "मला आनंद झाला. जुनं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं. मी कुणाला बोलले नाही."

"तुला माहीत होतं."

"पारा आहे एवढं माहीत होतं."

"आणि मी तिला तिथे झोपवत होते. तू बघत होतीस. खोली किती गरम आहे म्हणून तू लोकांना सांगत होतीस."

"हो."

मला वाटलं मेरिआना ओरडेल. निदान मारेल. तिने काहूच्या मोज्याची सुटलेली गाठ पुन्हा बांधली, हळू, एका हाताने. मग माझ्याकडे पाहिलं. व्हॅलकडे नाही.

"अंकल, हिला घरी घेऊन जा."

हॉस्पिटलातून सुटल्यावर मेरिआना काव्हियाला आईकडे गेली. ग्रेम खाणीतून आला तो थेट तिकडेच गेला. आईकडे एक दिवस आला, परसात उभा राहून पिवळ्या फितीकडे बघत राहिला. त्याच फळ्यांवर त्याने यंत्र फिरवलं होतं. गालिचा त्याने निवडला होता. आई त्याला काही सांगू गेली तर म्हणाला, "आई, नको." पांढरे झगे आणि मुखवटे घातलेली माणसं आली, खोली प्लास्टिकमध्ये गुंडाळून तुकडे करून घेऊन गेली. खालची मातीही उकरून नेली. तिथे आता चौकोनी खड्डा आहे. व्हॅलने तो बुजवू दिला नाही.

दर पंधरा दिवसांनी काहूचा आकडा यायचा. ग्रेम खाणीतून फोन करून व्हॅलला सांगायचा, ती मला सांगायची. आकडा उतरत होता. तिला बाकी काही विचारायची परवानगी नव्हती, किंवा ती मागत नव्हती.

एकदा ग्रेम म्हणाला, "मेरिआना विचारतेय, तू स्वतःची तपासणी केलीस का?"

कॉलिनने आधीच दोनदा लघवीसाठी बाटली देऊन ठेवली होती. व्हॅल टाळत होती. मला वाटायचं तिला भीती वाटते. तसं नव्हतं. तिला उत्तर माहीत होतं, असं तिला वाटत होतं. अठरा वर्षं उघड्या हातांनी पिळलेला पारा, थरथरणारी बोटं, पहाटे तोंडात येणारी धातूची चव. आकडा काहूच्या कितीतरी पट असेल. ती तो दंडासारखा राखून ठेवत होती. मेरिआनाने विचारलं तेव्हा तिने बाटली भरून दिली.

कॉलिन कागद घेऊन आला तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात होतो.

"काळजी नको, मिसेस पॅस्को. नेहमीच्या माणसाइतकाच आहे."

"काय?"

"पारा. तुमच्यात विशेष काही नाही."

"कागद चुकला असेल."

"दोनदा बघितलं. तो शरीरात फार काळ राहत नाही. थांबला की काही महिन्यांत निघून जातो. तुम्ही पिळायचं सोडून तीस वर्षं झाली. आणि परसातल्या खोलीत तुम्ही झोपला नाहीत."

"आणि हात?"

"त्यानेही झाले असतील. वयानेही. आता कुणीच सांगू शकणार नाही."

"म्हणजे मी स्वच्छ."

"हो."

"अठरा वर्षं या हातांनी. आणि ती तीन महिने नुसती झोपली." व्हॅलने कागद माझ्याकडे सरकवला. "लेन, नाव वाच. माझंच आहे का?"

तिचंच होतं. व्हॅल्डा मे पॅस्को. मी वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. नात मरता मरता वाचली त्या दिवशीही ती रडली नव्हती. आता खुर्चीत बसून तिने दोन्ही हात समोर टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत ती अशी हादरली की कॉलिनने तिच्या खांद्याला हात लावला. तिने तो झटकला.

मग तिने स्वतः काव्हियाला फोन लावला. पहिल्यांदाच. मेरिआनानेच उचलला; तिचा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू येत होता. व्हॅलने आकडा सांगितला. बराच वेळ तारेत फक्त समुद्राचा वारा होता.

"मला वाटलं होतं तुझ्यात सापडेल," मेरिआना म्हणाली.

"मलाही."

"सापडला असता तर बरं वाटलं असतं मला."

"मलाही."

पुन्हा वारा. मग मेरिआना म्हणाली, "रविवारी ये. घरात नाही. बाहेर बसू."

ऑक्टोबर होता. काव्हियाला ऊन होतं पण वाऱ्याला धार होती. मेरिआनाच्या आईने घरामागच्या गवतावर चटई टाकली होती. तिचं नाव 'ते रीना'. ती ताटात तळलेला पाव आणि शिंपले घेऊन आली आणि ताट व्हॅलच्या पुढ्यात आदळलं.

"खा. खायला घालणं हा आमचा धर्म आहे. बाकीचं मी अजून ठरवलेलं नाही."

"बरोबर आहे," व्हॅल म्हणाली.

"बरोबर आहे म्हणे. खा आधी."

काहू चटईवर होती. अकरा महिन्यांची, वयाच्या मानाने लहान. हातांचा रंग हातांसारखा झाला होता. डोक्यावर एका बाजूला केस विरळ होते, तिने उपटलेले, आणि तिथे नवी लव येत होती. ती उजेडात बसली होती आणि डोळे मिटत नव्हती. व्हॅल समोर बसली होती, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून. पाव तिने तसाच ठेवला. मेरिआना दोघींच्या मध्ये नव्हती, पण फार लांबही नव्हती.

काहू रांगत निघाली. आधी माझ्या बुटाकडे, मग बेत बदलून व्हॅलकडे. गुडघ्याशी पोचली. स्कर्ट मुठीत धरला आणि एकेक पाय जमिनीत रोवत उभी राहिली. पाय लटपटत होते. व्हॅल श्वास घेत नव्हती. हात तसेच, मांड्यांखाली.

मग काहूने स्कर्ट सोडला.

"धर तिला!" मेरिआना म्हणाली. "व्हॅल, पडेल ती, धर!"

व्हॅलचे हात बाहेर आले, पण उशिरा. काहू आधीच मागे धपकन गवतावर बसली होती. तिने वर पाहिलं, एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे. व्हॅलचे हात हवेत तसेच थरथरत थांबले. आता ती रडते का हे दोघी बघत राहिल्या.